घारीने नेलेली पिल्ले

तक्रारअर्ज लिहिण्यापूर्वी तक्रारीची जागा समक्ष पाहावी, असा माझा शिरस्ता आहे. वसईच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिणारे आम्ही पाच-सहा जण बसतो. त्यांत हा शिरस्ता पाळणारा मी एकटा. बाकीचे, पक्षकार सांगेल ते उतरवून मोकळे होतात. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले हे खरे. तथापि माझ्या हातचा अर्ज मजकुराच्या दोषावरून परत आल्याचे उदाहरण नाही, आणि भलेभले पदवीधर माझ्या टेबलापुढे खुर्ची ओढून बसतात. असेच एक गृहस्थ गेल्या आठवड्यात आले. जूचंद्रच्या कडेला उभ्या राहिलेल्या एका नव्या इमारतीच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. वय पस्तिशीचे, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, डोळे जागरणाने तांबारलेले.

"काका, एक कोंबडा आहे," ते म्हणाले. "पहाटे साडेचारला चालू होतो. आमची अख्खी विंग वैतागलीय. एक कडक अर्ज पाहिजे."

"कोंबडा कोणाचा?"

"खाली गावातल्या एका आजीचा. विचारायला गेलो तर म्हणते, माझ्याकडे कोंबडाच नाही. सरळ तोंडावर. म्हणून मी रेकॉर्डच करून आणलाय."

त्यांनी फोन माझ्या कानाशी धरला. आधी पंख्याची घरघर, कोणाचा तरी खोकला. आणि मग ती हाक. चढत, चढत गेली, शेवटच्या पायरीवर तुटली, आणि तुटल्यानंतर, काही सांगायचे राहून गेल्यासारखी, घशातल्या घशात एक बारीक खरखर उमटली.

"पुन्हा लावा," मी म्हणालो.

तीनदा लावायला सांगितले. मी पुरावा तपासतो आहे असे सेक्रेटरींना वाटले. मी पुरावाच तपासत होतो, परंतु निराळ्या प्रकरणातला. कारण ही हाक अस्तित्वात असता कामा नये. त्या खरखरीच्या कोंबड्यांची जात जूचंद्रमध्ये एकाच घरी होती, आणि तिचे शेवटचे पक्षी माझ्या डोळ्यांदेखत आणि माझ्याच बोटाच्या खुणेवरून गेले होते.

पाहणीसाठी मी दोन दिवसांनी गेलो. इमारतीच्या फाटकाशी उभा राहून, सवयीप्रमाणे, मनातल्या मनात चतुःसीमा मांडल्या. पूर्वेस माझी जुनी शेजारीण हिराबाई हिचे घर. पश्चिमेस मिठागराकडे जाणारा बांध. उत्तरेस पाण्याचा चर. दक्षिणेस रस्ता. बांध गेला, चर बुजला, रस्ता दुप्पट झाला. पूर्वेची सीमा तेवढी जागेवर आहे: मंगलोरी कौलांचे बुटके घर, दारापुढे रांगोळीची पुसट रेघ, आणि परसात चवळीचा मांडव. या चार सीमांच्या आत जेथे आता मोटारी उभ्या राहतात, तेथे माझी सहा गुंठ्यांची वाडी होती.

सहा गुंठे म्हणजे कागदावर बोटाच्या नखाएवढी जागा. पण कागद लिहून पोट भरणाऱ्या माणसाला नखाएवढी खरी माती मिळाली, की तो काय करीत नाही? मी रोज सकाळी कचेरीच्या आधी तेथे जाई आणि रविवारचा पूर्ण दिवस तेथे काढी. वाडीतील प्रत्येक कामाला मी प्रकल्प म्हणत असे आणि प्रत्येक प्रकल्पापुढे पत्र्याची पाटी रोवीत असे. प्रकल्प क्रमांक एक, कुक्कुटपालन. प्रकल्प क्रमांक दोन, गांडूळखत. प्रकल्प क्रमांक तीन, बदक तलाव. यातील तिसरा प्रकल्प पंधरवडाभर चालला. एका सकाळी सहाच्या सहा बदके ओळीने चरात उतरली, चरातून खाडीकडे गेली आणि परत आली नाहीत. पाटी बराच काळ कोरड्या खड्ड्याजवळ उभी होती.

"वकीलभाऊ, बदकांना पाटी वाचता आली नाय वाटतं," कुंपणापलीकडून हिराबाई म्हणाली.

मी वकील नाही, हे ती चांगले जाणत होती. वयाने ती माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी. आगरी बाई, नवरा मिठागरावर कामाला असतानाच वारलेला, लेक अर्नाळ्याला दिलेली. घरात ती एकटी आणि तिच्या कोंबड्या. त्या कोंबड्या तिच्या सासूच्या, सासूच्या सासूच्या. काळ्या अंगावर राखेचे शिंतोडे उडाल्यासारख्या, पाय शिशाच्या रंगाचे, आणि कोंबडा आरवला की शेवटी ती खरखर. हिराबाई म्हणे, ही जात गलबतातून आली. कोणाच्या गलबतातून, ते तिला ठाऊक नव्हते आणि विचारले की चिडत असे.

कागदाच्या वासात आयुष्य गेलेल्या माणसाला खुराड्याचा वास काय वाटतो, हे मला सांगता येईल, असा माझा समज आहे. सकाळी फळी सरकवली की आतून एक ऊबदार, आंबूस झुळूक अंगावर येई: कोंडा, दमट पिसे, शेणाने सारवलेली जमीन, आणि या सर्वांच्या तळाशी नुकत्या घातलेल्या अंड्याचा तो कोवळा वास, ज्याला आपल्या भाषेत नाव नाही. मी फळी पुरी उघडीत नसे. अर्धीच उघडी, म्हणजे एका वेळी एकच कोंबडी बाहेर पडे आणि मोजता येई. बाहेर कार्तिकाचे दिवस असत. भात झोडल्याचा आवाज दोन शेतांपलीकडून येई, धप्प, थांबून धप्प. मिठागरावरून खारा वारा वाहे आणि कोंबड्यांची पिसे उलट्या दिशेने उभी करी. चैत्रात मिठाच्या राशी इतक्या पांढऱ्या पडत, की कोंबडे त्यांच्याकडे पाठ करून उभे राहत. आषाढात त्याच कोंबड्या शेवग्याखाली एका पायावर, भिजून निम्म्या झालेल्या, निकाल विरुद्ध गेलेल्या पक्षकारांसारख्या.

सुरुवातीस मी विकतच्या पांढऱ्या कोंबड्या आणल्या होत्या. अंडी भरपूर, परंतु खुडूक व्हायचे, अंड्यांवर बसायचे त्या विसरूनच गेलेल्या. मग मी हिराबाईकडून दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि एक कोंबडा घेतला. त्या तलंगा मोठ्या झाल्या, खुडूक बसू लागल्या, आणि वाडीत रात्री कोणी राहत नसल्यामुळे बसलेली कोंबडी कोणाच्या तरी घरात ठेवणे भाग पडले. तेव्हा आमच्यात अर्धेलीचा व्यवहार ठरला. कोंबडी माझी, अंडी माझी, ऊब आणि राखण हिराबाईच्या घरची. पिल्ले निघतील ती महिन्याची झाली, की निम्मी माझी, निम्मी तिची. गावात हा व्यवहार पूर्वापार तोंडी होतो. मी तो लेखी करावा असे सुचविले.

"कोंबडीचा कागद?" ती म्हणाली. "आनि कोंबडी अंगठा कुठं लावील?"

लेखी झाला नाही. परंतु कागद नाही म्हणून माझा संशय थोडाच थांबणार होता? उलट तो अधिक मोकळा झाला.

ती कोंबडी बसवीत असे तेव्हा मी उंबऱ्याशी उभा राही. टोपलीत आधी राख, राखेवर पेंढा, पेंढ्यात विजेच्या कडकडाटाने अंडी मरू नयेत म्हणून लोखंडाचा एक खिळा. अंडी अकरा. सम संख्येत ठेवायची नाहीत. प्रत्येक अंड्यावर मी आधीच माझा रबरी शिक्का उमटवून आणीत असे, म्हणजे अंडी बदलली गेली तर कळावे. जांभळ्या शाईचे ते अकरा शिक्के कोंबडीच्या काळ्या पोटाखाली एकेक करून दिसेनासे होत. विसाव्या दिवशी हिराबाई परातीत कोमट पाणी घेई आणि अंडी त्यात सोडी. ज्यात जीव असे ते अंडे आपोआप डुलू लागे, हलकेच, आतून कोणी कूस बदलावी तसे.   परातीत अकरा शिक्के डुलत आहेत आणि आम्ही दोघे पाण्यावर वाकून पाहत आहोत: आमचे भांडण नव्हते असे क्षण आठवू लागलो, तर मला हेच आठवतात.

पिल्ले मी स्वतः मोजी. एका रविवारी अकरा. पुढच्या रविवारी आठ.

"तीन कुठे गेली?"

"घारीनं नेली."

माझ्या वाडीतला नियम असा होता, की मेलेल्या पक्ष्याचे पाय दाखविल्याशिवाय तो मेला असे धरायचे नाही. पूर्वी जनावर अर्धेलीने दिले आणि ते मेले, तर राखणारा मालकाला कातडे आणून दाखवी. त्याच धर्तीचा हा नियम. पाय मी मिठात मुरवून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवीत असे.

"मग पाय दाखवा," मी म्हणालो.

"घार काय पाय ठेवून जाते?" हिराबाई म्हणाली. "जा, इचार तिला. ती बघ बसलीय तारेवर."

तारेवर खरोखरच घार बसलेली होती. मला त्या घारीचाही संशय आला.

तेव्हापासून मी कड्या सुरू केल्या. विजेच्या जाड वायरीवरचे रंगीत आवरण कापून त्याच्या लहान कड्या करायच्या, तापल्या सुईने त्यांवर आकडा कोरायचा, आणि पिल्लू महिन्याचे झाले की पायात घालायची. माझ्या पिवळ्या, हिराबाईच्या वाट्याच्या तांबड्या. क्रमांक मात्र दोहोंचे एकाच ओळीत, म्हणजे मध्येच एखादा पक्षी नाहीसा झाला तर आकड्यात भगदाड पडावे आणि दिसावे. अशी व्यवस्था साऱ्या तालुक्यात कोणाकडे नव्हती. सौभाग्यवती म्हणाली, "एक दिवस माझ्याही पायात घालाल."

हिराबाईने कड्या घालू दिल्या. आपला पक्षी मांडीवर उलटा धरून, त्याचे डोळे पदराने झाकून ती बसे आणि मी कडी चढवीत असे. "ह्या तुरुंगातल्या," ती पक्ष्यांना म्हणे. पण दर वेळी महिना भरेपर्यंत दोन-तीन पिल्लांना घार नेतच राहिली. कड्या महिन्यानंतर; घार महिन्याच्या आत. ही वेळ मला फार सोयीची वाटे. घारीच्या नव्हे, हिराबाईच्या सोयीची.

आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली होती. हिराबाई अधूनमधून लेकीकडे अर्नाळ्याला जाई. सकाळच्या एसटीने, डोक्यावर टोपली. येताना टोपलीत सुके बोंबील, मांदेली. वासाने सारा रस्ता सांगे की ती आली. ते समजण्यासारखे होते. पण जातानासुद्धा टोपली फडक्याने झाकलेली कशाला?

"रिकामी टोपली उघडी नेऊ नाय," ती म्हणाली. "लेकीच्या घरी जातंय. अपशकुन होतो."

असा शकुन मी कोठे ऐकला नव्हता. माझ्या आईला विचारले, तिनेही ऐकला नव्हता. एकदा मी एसटीच्या थांब्यापर्यंत तिच्या मागोमाग गेलो. ती बाकावर बसली, टोपली मांडीवर घेतली, आणि एक हात फडक्याखाली घालून बसून राहिली, जसे आपण झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर हात ठेवतो. मी पुढे झालो असतो, तर फडके उचलता आले असते. गाडी आली. मी थांब्याच्या आडोशाला उभा राहिलो आणि घरी येऊन डोक्यात एक नोंद वाढविली.

मग ते वर्ष आले, ज्या वर्षी पक्ष्यांचा रोग आला. तो कोठून आला, कसा आला, हे मी लिहीत बसत नाही; त्याबद्दल ज्याने त्याने आपापला दोषी ठरविलेला होता. एवढेच आठवते, की आधी कावळे पडले. मिठागराच्या बांधावर, चोची उघड्या ठेवून. मग दोन गल्ल्यांपलीकडच्या एका घरच्या कोंबड्या, मान वेळावून. आणि मग एका सकाळी सरकारी पथक आले. पांढरे झगे, मुखपट्ट्या, हिरव्या पिशव्या, चुन्याची पोती. अमुक अंतराच्या आतील सर्व पक्षी नष्ट करायचे, असा आदेश होता. निरोगी असोत वा आजारी.

माझ्या वाडीतल्या बावीस कोंबड्या निरोगी होत्या. पथकाबरोबर एक तरुण डॉक्टर बाई होत्या, आवाजाने मृदू. त्यांनी पहिली कोंबडी उचलली, पायातली कडी पाहिली आणि थांबल्या. दुसरी उचलली. मग मुखपट्टीआडून म्हणाल्या, "काका, ही पद्धत तुम्ही केलीत? इतकी व्यवस्था मी फार्मवरसुद्धा पाहिलेली नाही."

त्या वाक्याचे काय करावे, हे मला आजही ठरविता आलेले नाही. कोंबड्या जाणार होत्या. मी खिन्न होतो, हेही खरे. पण कोणा शिकलेल्या माणसाने माझी व्यवस्था पाहिली, ती ओळखली, तिला व्यवस्था म्हटले, असे माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेले नाही. मी कड्यांची पद्धत समजावून सांगू लागलो. पिवळी कोणाची, तांबडी कोणाची, क्रमांक एका ओळीत का.

"पण मध्ये बरेच आकडे नाहीत," बाई म्हणाल्या. "सात नाही. बारा नाही. मेलेल्या का?"

मी डबा आणला. मिठातले पाय, प्रत्येकाला त्याची कडी. त्यांनी हातमोजे घातलेल्या बोटाने एकेक बाजूला करून कागदावर खुणा केल्या. सात आला. बारा आला. सरतेशेवटी नऊ क्रमांक उरले, जे जिवंतांतही नव्हते आणि मेलेल्यांतही नव्हते.

"हे नऊ?"

हिराबाईच्या घरी पथक आधीच जाऊन आले होते. तिने सांगितले होते, आमचेकडं कोंबड्या नायत, गेल्या पावसात मेल्या. तिच्या अंगणात एक पीसही नव्हते. भल्या सकाळी तिने ते झाडून काढलेले. कागदावर तिच्या घरापुढे शून्य लिहिले गेले होते. मी काही न बोलतो, तर ते शून्य तसेच राहिले असते. नऊ पक्षी घारीने नेले, असे मी म्हणू शकत होतो. कोणी पाय मागितले नसते.

माझे बोट पूर्वेकडे गेले.

कोंबड्या भाताच्या रिकाम्या कणगीत होत्या, वर सूप आणि सुपावर गोधडी. हिराबाईने त्या स्वतःच बाहेर काढल्या. माणसांना आत येऊ दिले नाही. एकेक पक्षी काखेत धरून ती दारापर्यंत येई, देई आणि परत आत जाई. नऊ वेळा. तांबड्या कड्या उन्हात लकाकत होत्या. शेवटचा होता तो कोंबडा. त्याने हातात येताच मान उंच करून आरवायला सुरुवात केली आणि खरखर होण्याआधीच त्याला पिशवीत घातले गेले.

मग ती माझ्याकडे वळली. ओरडली नाही.

"नऊच ना, वकीलभाऊ?" ती म्हणाली. "मोजून बघा. बरोबर हायत ना?"

"बरोबर आहेत," मी म्हणालो. खरेच बरोबर होते.

डॉक्टर बाईंनी शून्य खोडून नऊ केले. आकडा जुळला. पथक निघाले, माझा डबाही जाळण्यासाठी घेऊन गेले. त्यानंतर वाडी आणखी दोन पावसाळे माझ्याकडे होती, पण मी पक्षी आणले नाहीत, आणि हिराबाई माझ्याशी बोलली नाही. कुंपणाच्या दोन बाजूंना आम्ही आपापली भाजी तोडीत असू. चवळीच्या शेंगा मोडल्याचा आवाज इतका मोठा असतो, हे मला तेव्हा कळले. पुढे रस्त्याच्या कडेचे सगळेच भूखंड गेले, माझाही गेला.

हे सर्व मी फाटकाशी उभ्या उभ्या आठवीत होतो, आणि माझ्यातला संशयी माणूस दुसरीकडे, आपल्या जागी, आपले काम करीत होता. कागदपत्रांच्या व्यवसायात मी एक गोष्ट शिकलो आहे: आकडा जुळला की शोध थांबतो. त्या दिवशी नऊ जुळल्यावर कोणीही कणगीच्या मागे पाहिले नाही, माळ्यावर पाहिले नाही, आणि अर्नाळ्याला तर कोणी जाणारच नव्हते. अर्नाळा हद्दीबाहेर. मग ती झाकलेली टोपली. मग त्या घारी, ज्या कडी घालण्याच्या आतच पिल्ले नेत असत. इतकी वर्षे माझा संशय होता, की ही बाई माझ्या वाट्याची पिल्ले लेकीच्या घरी पोहोचविते. गावात हे कोणाला बोललो असतो, तर लोकांनी मला हलक्या मनाचा ठरविले असते.

माझा संशय खरा होता. ती मला फसवीत होती. दर खेपेस दोन, दर खेपेस तीन. मी तेथे मोटारींच्या मध्ये उभा राहिलो आणि मला इतका आनंद झाला, की वॉचमनने विचारले, "काका, तब्येत ठीक ना?"

हिराबाई ओट्यावर तांदूळ निवडीत होती. केस पूर्ण पांढरे, हात तेच. माझ्या काखेतला कागदाचा पुठ्ठा तिने आधी पाहिला, मग मला.

"आता कोनाचा कागद?"

"सोसायटीचा. कोंबड्याची तक्रार आहे."

"आमचेकडं कोंबडा नाय."

ती सूप पाखडू लागली. मी ओट्याच्या कडेला बसलो. बस असे तिने म्हटले नव्हते. परसाकडचे दार ओढून घेतलेले होते. चवळीच्या मांडवाखालून कोंडा भिजविल्याचा तो जुना आंबूस वास येत होता, आणि निवडलेल्या तांदळातली कणी ती वेगळ्या वाटीत काढीत होती. एकट्या बाईला इतकी कणी कशाला लागते, असा प्रश्न माझ्या मनात येऊन गेला. तो येणारच. स्वभावाला औषध नाही.

"हिराबाई," मी म्हणालो, "त्या दिवशी मी..."

तेवढ्यात परसातून ती हाक उठली. चढली, चढली, तुटली. आणि मग खरखर. भिंतीपलीकडे, चार हातांवर. तिचे सूप हातात थांबले. मी पाहिले की तिची बोटे सुपाच्या कडेवर पांढरी पडली आहेत. इतक्या वर्षांनंतर ही बाई माझ्या बोटाला भीत होती.

"टीव्ही हाय," ती म्हणाली. आवाज मात्र ठणठणीत. "लेकीनं दिलाय. बंद कराया इसरतंय मी."

मी तिच्या घरावरून नजर फिरविली. कौलांवर टीव्हीची छत्री नव्हती, भिंतीत वायर नव्हती.

"असेल," मी म्हणालो. "फार मोठा लावू नका. पहाटेचा तर नकोच. टोपलीखाली, अंधारात ठेवला तर आवाज कमी होतो."

तिने मान वर केली आणि पुष्कळ वेळ माझ्याकडे पाहिले. मी पुढे काय मागणार, याचा ती अंदाज घेत होती. तिचाही माझ्यावरचा संशय पुरता गेलेला नव्हता, आणि तो जावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. मग ती आत गेली. तांब्याभर पाणी आणून तिने माझ्यापुढे ठेवले आणि पुन्हा तांदळाकडे वळली.

"पानी पी आनि जा," ती म्हणाली. "उन्हं चढतायत."

टेबलावर परतल्यावर मी पुठ्ठा उघडला आणि सोसायटीसाठी एकपानी टिपण सुवाच्य अक्षरांत लिहिले. विषय, संदर्भ, जागेचे वर्णन, चतुःसीमा. आणि शेवटी: "अर्जलेखकाने जागेची समक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी कोंबडा आढळून आला नाही. सबब तक्रारीस आधार दिसत नाही." असत्य विधान माझ्या हातून कागदावर उतरण्याची ही पहिलीच खेप. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. टिपण त्यांनी उभ्या उभ्या दोनदा वाचले.

"काका, असं कसं? तुम्ही रेकॉर्डिंग ऐकलंत ना? मग तो आवाज कसला?"

"टीव्हीचा," मी म्हणालो.